वाचकांचे प्रश्न : कल्याणकारी राज्य आता हवे कशाला?

माझ्या करातून दुसऱ्यांना खिरापत का वाटायची?

हे ‘दुसरे’ बहुतेक वेळा तुम्हीच असता, फक्त वेगळ्या वयाचे. शाळेत असताना घेतले, म्हातारपणी पुन्हा घ्याल. मधल्या वर्षांत देताय.

ज्याने त्याने खासगी विमा काढावा. सरकार मध्ये कशाला?

आगीचा विमा चालतो, कारण सगळी घरे एकाच दिवशी जळत नाहीत. मंदीत मात्र लाखोंच्या नोकऱ्या एकदम जातात. तेवढे दावे कोणती कंपनी भागवील? शिवाय नोकरी जाण्याची कुणकुण लागलेलाच आधी विमा काढायला धावतो. मग हप्ता चढतो, सुरक्षित नोकरीवाले बाहेर पडतात, हप्ता आणखी चढतो. सर्वांना सक्तीने आत घेतले तरच हे गणित जुळते. विम्याची सक्ती पहिल्यांदा देशभर करणारा जर्मन चॅन्सलर बिस्मार्क काही समाजवादी नव्हता. समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढायलाच त्याने जर्मनीत १८८३ मध्ये कामगारांचा आजारपणाचा विमा आणला, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वृद्धांचे निवृत्तिवेतन. तेही सत्तरीनंतर! तिथवर पोचणारे थोडेच.

फुकट मिळाले की माणूस आळशी होतो, हे खरे ना?

फिनलंडने २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो बिनशर्त दिले. काम मिळाले तरी पैसे चालूच. त्यांचे कामाचे दिवस इतर बेरोजगारांपेक्षा कमी भरले नाहीत. किंचित जास्तच भरले. दोन वर्षांच्या प्रयोगावरून सगळे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण थोडी कमाई होताच सगळी मदत बंद करणारी योजना मला जास्त घातक वाटते. तिथे घरी बसणे हाच शहाणपणा ठरतो.

अॅपवर काम करणाऱ्यांच्या काळात ही व्यवस्था कालबाह्य नाही का?

तिचा साचा कालबाह्य झाला आहे. ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ बेव्हरिजने १९४२ च्या सामाजिक विम्यावरच्या अहवालात हलाखी, रोगराई, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी असे पाच राक्षस मोजले. त्याच्या डोळ्यांसमोर होता कायम नोकरीतला नवरा आणि त्याच्यावर अवलंबून असलेली बायको. ते कुटुंब आता विरळ झाले, राक्षस मात्र तिथेच आहेत. म्हणून हक्क मालकाशी नव्हे, माणसाशी जोडावा. काम बदलले तरी तो सोबत जावा.

खरी अडचण वेगळीच आहे : म्हातारे वाढताहेत, हप्ता भरणारे घटताहेत. निवृत्तीचे वय वाढवा, हप्ता वाढवा, निवृत्तिवेतन घटवा किंवा बाहेरून तरुण कामगार येऊ द्या. चारही उपाय मते घालवणारे, त्यामुळे बहुतेक सरकारे ते पुढच्यावर ढकलतात.