अनास्तासिस, एगेइरो आणि आपलं साधं 'उठणं'

प्रश्न असा होता की मराठी बायबलात येशूबद्दल कुठे 'उठला' येतं, कुठे 'उठवला गेला', कुठे एकदम भारदस्त 'पुनरुत्थान', तर मूळ ग्रीकमध्ये हा सगळा एकच शब्द आहे का, पुनरुत्थान आणि पुनर्जन्म यात नेमका फरक काय, आणि उर्दूतली कयामत याच घरातली का. पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल, बाकीचे दोन पटकन होतील.

तर एक शब्द नाही. मुख्य क्रियापदं दोन आहेत. एक अनिस्तेमी, त्याचं नाम अनास्तासिस. दुसरं एगेइरो, त्याचं नाम एगेर्सिस. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या ग्रीक भागात, अनास्तासिस चाळीसेक वेळा येतं आणि एगेर्सिस फक्त एकदा, मत्तय २७:५३ मध्ये (मत्तय हे येशूचं एक चरित्र, आकडे अध्याय आणि ओवीचे), पण क्रियापद म्हणून एगेइरो जागोजागी आहे. आणि दोन्ही अगदी रोजच्या वापरातली क्रियापदं आहेत, धर्मशास्त्राचा वासही नाही त्यांना. अनिस्तेमी म्हणजे बसल्या जागेवरून उभं राहणं किंवा कुणाला उभं करणं. मत्तय जकातीच्या नाक्यावर बसलाय, येशू म्हणतो माझ्या मागे ये आणि हा उठून चालू लागतो, तिथे हे क्रियापद आहे. एगेइरो म्हणजे झोपेतून जागं करणं. वादळात होडी पाण्याने भरत चाललीये आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून खुशाल झोपलाय, शिष्य घाबरून त्याला उठवतात, तिथे एगेइरो. खड्ड्यात पडलेलं मेंढरू वर काढायचं तिथेही एगेइरोच. म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक बोलणाऱ्या माणसाने 'तो मेलेल्यांतून उठला' ऐकलं तेव्हा त्याच्या कानावर कुठलाही पारिभाषिक शब्द पडला नव्हता, सकाळी आई पोराला 'ऊठ रे' म्हणते तोच शब्द पडला होता.

आता मराठी माणसाला खास आवडेल असा भाग. अनास्तासिसचे तुकडे पाडले तर अना म्हणजे वर आणि स्तासिस म्हणजे उभं असणं. हा स्ता म्हणजे आपला स्था. ग्रीक हिस्तेमी आणि संस्कृत तिष्ठामि ही सख्खी भावंडं, ग्रीकमध्ये सुरुवातीच्या स चा ह झाला एवढंच. उत्थान म्हणजे उद् अधिक स्थान. म्हणजे अनास्तासिस आणि उत्थान नुसते समानार्थी नाहीत, त्यांचा धातूच एक आहे. आणि संस्कृत उत्था, प्राकृत उट्ठ, मराठी उठ अशी वाट असल्यामुळे आपलं 'ऊठ' पण त्याच कुटुंबातलं. एगेइरोचंही तसंच, त्याचं नातं जागृ धातूशी. त्याचं 'मी जागा आहे' असं सांगणारं रूप एग्रेगोरा, ते वैदिक 'जागार' च्या शेजारी ठेवा म्हणजे कळेल. या एग्रेगोरावरून पुढे ग्रेगोरेओ म्हणजे जागं राहणं, त्यावरून ग्रेगरी हे नाव, आणि १५८२ साली कॅलेंडर सुधारणारा पोप तेरावा ग्रेगरी. भिंतीवरच्या कॅलेंडरला ग्रेगरियन म्हणताना आपण नकळत 'जागृत' म्हणतोय.

कठोपनिषदातलं 'उत्तिष्ठत जाग्रत' सगळ्यांना पाठ असतं. इफिसकरांस पत्रात ५:१४ ला एक ओळ आहे, 'एगेइरे हो काथेउदोन, काइ अनास्ता एक तोन नेक्रोन', म्हणजे अरे झोपलेल्या, जागा हो आणि मेलेल्यांतून ऊठ. तेच दोन धातू, फक्त क्रम उलटा, तिकडे आधी जागा हो मग ऊठ, आपल्याकडे आधी उठा मग जागे व्हा. कृपया यावरून कोणी कोणाची कॉपी केली असं काही काढू नका, भाषांचा जुना वारसा सारखा आहे म्हणून ते धातू दोन्हीकडे आलेत, बाकी दोन्ही वाक्यांचा संदर्भ पूर्ण वेगळा.

दोन्ही क्रियापदं एकत्र बघायची तर मार्कचा, म्हणजे येशूच्या दुसऱ्या एका चरित्राचा, पाचवा अध्याय उघडा. याईराची मुलगी गेलीये, घरात रडारड चालू आहे, येशू म्हणतो मूल मेलं नाही, झोपलंय, आणि लोक त्याला हसतात. मग तो तिचा हात धरून अरामीत, म्हणजे त्याच्या बोलीभाषेत, म्हणतो 'तलिथा कूम', आणि मार्क लगेच ग्रीक वाचकांसाठी अर्थ देतो, मुली, तुला सांगतो, 'एगेइरे'. झोपलीये म्हटलंय ना, मग जागं करायचंच क्रियापद. पुढच्याच ओळीत मुलगी उठली आणि चालायला लागली, तिथे मात्र 'अनेस्ते', म्हणजे अनिस्तेमी, कारण आता ती पायावर उभी राहिली. आणि मार्क वर सांगतो की ती बारा वर्षांची होती. मराठीत दोन्हीकडे 'ऊठ' आणि 'उठली' येतं, आणि मला तर हे भाषांतर परफेक्ट वाटतं, कारण मराठी 'उठणं' हे दोन्ही काम करतं. 'उठलास का?' म्हणजे जागा झालास का, आणि 'पाहुणे उठले' म्हणजे उभे राहिले, निघाले. यात फरक हरवतो हे खरं, पण हरवून जे राहतं ते मूळच्या इतकं जवळ आहे की तक्रार करायला जागा नाही.

आता 'उठला' की 'उठवला गेला'. रिकाम्या कबरेपाशी बसलेला तरुण बायकांना म्हणतो 'एगेर्थे', मार्क १६:६. रूप बघितलं तर कर्मणी आहे, म्हणून काही लोक हट्टाने 'उठवला गेला' म्हणतात, उठवणारा अर्थात देव. पण नुसत्या रूपावर जाऊ नका. मत्तय २:१४ मध्ये मरियेचा नवरा योसेफ रात्री उठून बाळ आणि आईला घेऊन मिसरला निघतो, तिथेही याच कर्मणी घडणीचं 'एगेर्थेइस' आहे, आणि तिथे कोणी 'योसेफ उठवला गेला आणि मिसरला गेला' असं भाषांतर करत नाही, हसतील लोक. तेव्हा व्याकरण एकटं निकाल देत नाही, लेखक बघायचा. प्रेषित पौल, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत, वारंवार देवालाच कर्ता करतो, 'देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं', त्यामुळे पौलाच्या पत्रांत मी 'उठवला गेला' कडे झुकेन. पण तोच पौल १ थेस्सलनी ४:१४ मध्ये 'येशू मेला आणि उठला' असं सरळ अनिस्तेमी वापरून म्हणतो, म्हणजे त्यालाही एकाच क्रियापदाचं वेड नव्हतं.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी इंग्रजी वाचणाऱ्यांच्या हातून निसटते आणि मराठीत अलगद बसते. १ करिंथ १५ मध्ये पौल त्याला मिळालेली परंपरा सांगतो: मेला, पुरला गेला, उठवला गेला, दिसला. यातली मेला, पुरला, दिसला ही तिन्ही साध्या भूतकाळात आहेत, घडलं आणि संपलं. मधलं 'एगेगेर्ताइ' मात्र पूर्ण काळात, म्हणजे घडलं आणि त्याचा परिणाम अजून चालू आहे. आपल्याकडे 'तो आला' आणि 'तो आला आहे' यात जो फरक आहे तोच. तर 'मेला, पुरला गेला, उठवला गेला आहे', त्या एका 'आहे' मध्ये सगळं आलं. ईस्टरच्या कार्डवर काय लिहू असंही विचारलं होतं, तर मी 'ख्रिस्त उठला आहे' लिहीन. ग्रीक लोक स्वतः ईस्टरला 'ख्रिस्तोस आनेस्ती' म्हणतात आणि समोरचा 'आलिथोस आनेस्ती', खरंच उठला, असं उत्तर देतो. ते साध्या भूतकाळात आहे, तेव्हा नुसतं 'उठला' लिहिलंत तरी कोणी चूक काढणार नाही.

ख्रिस्तापूर्वी या शब्दाचं काय चालायचं तेही बघण्यासारखं आहे. अनास्तासिसचा एक जुना अर्थ म्हणजे वस्ती उठवणं, लोकांना त्यांच्या जागेवरून हुसकणं. आपण म्हणतो ना, धरणात गावं उठली, अतिक्रमणवाल्यांनी झोपडपट्टी उठवली, अगदी तसंच. त्याच कुळातलं अनास्तातोओ म्हणजे उलथापालथ करणं, उठाव करणं, प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या लोकांवर थेस्सलनीकात हाच आरोप होतो की यांनी जग उलटंपालटं केलं. आणि मेलेल्याच्या बाबतीत ग्रीकांचं मत ठाम होतं. इ.स.पू. ४५८ मध्ये एस्खिलसच्या नाटकात अथेन्सच्या अरियपग टेकडीवर खटला चालू आहे आणि तिथे अपोलो देव सांगतो की माणसाचं रक्त एकदा मातीत गेलं की त्याला अनास्तासिस नाही. जवळपास पाचशे वर्षांनी त्याच अरियपगावर पौल उभा राहून नेमकं उलटं सांगतो, आणि काही जण हसतात, काही म्हणतात परत कधीतरी ऐकू. त्याआधी बाजारात तर लोकांना वाटलं की हा परक्या दैवतांचा प्रचारक आहे, कारण तो येशू आणि अनास्तासिस यांच्याबद्दल बोलत होता. अनास्तासिस स्त्रीलिंगी आहे, म्हणून ते तिला एखादी देवी समजले असणार असं इ.स. ४०० च्या सुमारास क्रिसोस्तोम या ग्रीक धर्मगुरूने सुचवलंय, आणि मला ते पटतं.

पुनर्जन्माचा घोळ मुख्यतः 'पुनर्' मुळे होतो. ग्रीक अना चा अर्थ कधीकधी 'पुन्हा' होतो हे खरं, पण इथे 'वर' हाच मुख्य. 'पुन्हा' ठळक होतो तो लॅटिन रेसुर्रेक्सिओमध्ये, तिथून इंग्रजीत, आणि आपलं पुनरुत्थानही त्याच वळणाचं दिसतं. मग पुनर् ऐकलं की मराठी कान पुढे जन्म जोडून मोकळा. पण नव्या करारात 'पुन्हा जन्म' अशा घडणीचा शब्द वेगळाच आहे, पालिनगेनेसिया, तो फक्त दोनदा येतो, मत्तय १९:२८ आणि तीत ३:५ मध्ये, आणि तिथेही अर्थ एकदा सृष्टी नवी होणं आणि एकदा माणसाचं आतून नवं होणं असा. दुसऱ्या आईच्या पोटी जन्म घेणं कुठेच नाही. फरक बघायचा तर गीतेतलं 'वासांसि जीर्णानि' आठवा, आत्मा जुनी वस्त्रं टाकतो आणि नवी घेतो. पौलही १ करिंथ १५:५३ मध्ये कपड्यांचंच क्रियापद वापरतो, पण तो म्हणतो हे जे नाशवंत आहे त्यानेच अविनाशीपण अंगावर घालायचं. गीतेत जुनं टाकून दिलंय, पौलाकडे जुन्यावरच चढवलंय. एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ होणार नाही.

कयामत मात्र ग्रीक नाही, सेमिटिक आहे, म्हणजे अरबी-अरामीच्या कुळातली. पण वरच्या गोष्टीत तिचा भाऊ येऊन गेला, 'तलिथा कूम' मधला कूम. अरामीत कूम म्हणजे ऊठ, अरबीत तोच क-व-म धातू, त्यावरून कियामा म्हणजे मेलेल्यांचं उठणं, तेच फारसी-उर्दूतून आपल्याकडे कयामत होऊन आलं आणि वाटेत 'जगबुडी' इतकाच अर्थ उरला. याच धातूची अजून दोन पोरं मराठीत सुखाने नांदतायत, एक कायम आणि दुसरं मुक्काम. पत्रावर मु. पो. लिहिता ना, त्यातला मु. तो.