मिरीग (मृग नक्षत्र) जूनमध्ये लागतो, मग तेव्हा आकाशात हरीण का दिसत नाही? बेळगावकडच्या खानापूरहून ते कधी बघावं?

दिसत नाही, कारण त्या दिवसांत सूर्यच तिथे मुक्कामाला असतो. ७-८ जूनला सूर्य मृगशीर्षात शिरतो आणि साधारण १४ दिवस राहतो. तेवढे दिवस हरीण त्याच्या सोबतीनेच उगवतं-मावळतं. ढग नसते तरी दिसलं नसतं. आपण मिरीग म्हणा, शेजारचा कन्नड शेतकरी 'मृगशिरा मळे' (मळे म्हणजे पाऊस) म्हणो, पेरणीचा हिशेब सूर्याच्या जागेवर चालतो.

बघायचं तर महाशिवरात्रीला, रात्री आठ-नऊच्या दरम्यान. वद्य चतुर्दशी असते, चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही. मोबाईल खिशात ठेवून वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून.

दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ डोक्यावर बघा. चार ठळक तारे हे हरणाचे पाय. त्यातला काक्षी तांबूस, कर्णावर समोरचा राजन्य निळसर पांढरा. मधोमध एका ओळीत तीन तारे, तो पोटात रुतलेला बाण. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे अंदाजे १० अंश. बाणाची रेघ डावीकडे खाली सव्वादोन मुठी वाढवा, लखलखीत व्याध सापडेल. उलट्या बाजूला तेवढ्याच अंतरावर तांबूस रोहिणी. रेघ दोन्हींकडे नेमकी ताऱ्यावर पडत नाही, थोडी बाजूने जाते, गोंधळू नका.

शिवरात्रीच्या कथेतला व्याध बेलावर बसलेला असतो आणि हरिणी पाडसांना भेटून शब्दाप्रमाणे परत येते. गोड आहे, पण आकाशाशी ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली कथा जास्त जुळते. प्रजापती हरीण होऊन स्वतःच्याच मुलीच्या, रोहिणीच्या, मागे लागला. देवांनी उभा केलेल्या रुद्ररूपाने त्याला तीन कांडांच्या (पेरांच्या) बाणाने विंधलं. आता उगवण्याचा क्रम बघा: आधी रोहिणी, मागून मृग, त्याच्या मागे व्याध. पाठलाग रोज तसाच चालतो.

एक चूक बरेचजण करतात. त्याच वेळी दक्षिणेला क्षितिजापासून दोनच मुठींवर आणखी एक ठळक तारा असतो, त्यालाच व्याध समजतात. तो अगस्त्य, विंध्य ओलांडून दक्षिणेत आलेला. दिल्लीत तो जेमतेम ९ अंश वर येतो, आपल्याकडे जवळजवळ २२. निपाणी-चिक्कोडीकडे उसाचं पाचट पेटवलेलं असेल, तर मात्र धुरात तो तांबूस, मळकट दिसतो किंवा दिसतच नाही.