इस्लामी इतिहासाचा पहिला प्रकल्प देताना

'मलिक अंबरची माहिती गोळा करा' असा विषय देऊ नका (अंबर म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर). नेटवरून उतरवलेली, एकसारखी पानंच हाती येतात. प्रश्न द्या: डोंगराकडचं पाणी पंपाशिवाय खडकीत (आजचं छत्रपती संभाजीनगर) कसं पोचलं? मुलं उतार, नळ, हौद शोधायला लागतात आणि अंबर आपसूक येतो. वर्गाची गोडी टिकते ती अशा प्रश्नावर, बक्षिसावर नाही.

चौघांचा गट, तीन आठवडे. सहांचा केला की दोघं नुसते फिरतात. गुण दर आठवड्याला द्या, नाहीतर सगळं काम शेवटच्या रात्री पालक करतात.

सगळ्यात जास्त घोळ हिजरी, म्हणजे इ.स. ६२२ पासून मोजलेल्या इस्लामी सनांचा. इसवी सन काढायला मुलं सरळ ६२२ मिळवतात. १०३५ चे १६५७ होतात आणि अंबरचा मृत्यू ३१ वर्षं पुढे जातो. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून आधी ०.९७ ने गुणायचं, मग ६२२ मिळवायचे: उत्तर १६२६. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालतो. हा तास गणिताच्या सरांसोबतच घ्या.

अंबरची कबर पाहायला खुलताबादला नेणार असाल तर दर्ग्याच्या व्यवस्थापनाशी आधी बोला, डोक्याला रुमाल ठेवा. शिलालेखावर खडू किंवा पाणी अजिबात नको. तिरप्या उन्हात फोटो काढला की अक्षरं उठतात. फारसी वाचायला गावातल्या जाणत्या मौलवींना विनंती करा.

आणि वर्गातल्या मुस्लिम मुलांना 'तुमचाच इतिहास, तुम्ही सांगा' म्हणून उभं करू नका. ती गप्प होतात, बाकीचे सुटल्यासारखे बसतात.