विळी, जुलाब आणि उरलेल्या गोळ्या

पत्रांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो: ‘अँटिबायोटिकची शरीराला सवय होते.’ शरीराला नाही, प्रतिकार जंतूंत तयार होतो.

चिकन शिजल्यावर जंतू मरतातच, मग भीती कसली? (रत्नागिरी)

मरतात. औषधाला दाद न देणारा जंतूही, मांस आतपर्यंत ७५ अंश सेल्सियस तापलं की संपतो. घोटाळा चुलीआधी होतो. नळाखाली चिकन धुताना शिंतोडे उडतात, आणि त्याच विळीवर मग कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. चिकन-मासळीची विळी वेगळी ठेवा. एकच असेल तर साबणाने, गरम पाण्याने घासा, खवणीचे दातेसुद्धा. सोलकढीच्या खोबऱ्याला पुढे चूल दिसत नाही.

कोकमाचं आगळ लावलं की जंतू मरतात ना? (मालवण)

नाही.

‘अँटिबायोटिकमुक्त’ चिकनला जादा पैसे द्यावेत का? (गुहागर)

ती चिठ्ठी औषधाबद्दल बोलते, जंतूंबद्दल नाही. साल्मोनेला हा जुलाब करणारा जंतू गावठी कोंबडीतही असू शकतो. कोंबड्या पाळत असाल तर ‘वाढीची पावडर’ म्हणून विकली जाणारी पुडी आधी पशुवैद्यकांना दाखवा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर २०१९ पासून कोंबड्यांसाठी बंद आहे.

तिसऱ्या (शिंपल्या) खाऊन जुलाब झाले. मेडिकलमधल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांनी थांबले. उरलेल्या ठेवू का? (देवगड)

गोळ्यांनीच थांबले कशावरून? बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपले आपण थांबतात, आणि विषाणूंचे असतील तर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. गोळीने आतड्यातले निरुपद्रवी जंतू मारले. ज्यांना ती लागू पडत नव्हती ते मोकळ्या जागेत फोफावले. अशा जंतूंकडे बहुधा प्लाझ्मिड असतं: डीएनएचं छोटं कडं, ज्यावर प्रतिकाराची जनुकं बसलेली. जंतू शेजाऱ्याला चिकटून त्याची प्रत देतो, शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूकडून साल्मोनेलाला. एकाच कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात, म्हणून एका औषधाच्या वापराने बाकीच्यांविरुद्धचा प्रतिकारही पोसला जातो. पुढे तेच जंतू शौचातून, गळक्या टाकीतून खाडीत जातात. आणि खाडीचं पाणी गाळून जगतं कोण? तिसऱ्या!

उरलेल्या गोळ्या ठेवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. जुलाबात ओआरएस घ्या. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा). रक्त पडलं, ताप आला, लघवी कमी झाली, किंवा रोगी मूल वा म्हातारं माणूस असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिसऱ्या उकळताना तोंड उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं ठेवा. न उघडलेल्या टाकून द्या.

गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. दूध उकळून चालेल? (श्रीवर्धन)

नाही. उकळण्याने औषधाचा अंश जाईलच याचा भरवसा देता येत नाही. किती दिवस दूध वापरायचं नाही ते औषधाच्या बाटलीवर छापलेलं असतं. इंजेक्शन देणाऱ्या पशुवैद्यकांकडून तारीखच लिहून घ्या.