कॉफीच्या बियांना चॉकलेटची पुटं

प्रश्न : माझ्या मुलाला चॉकलेट लावलेल्या कॉफीच्या बिया फार आवडतात. विकतची छोटी बरणी महाग पडते, म्हणून घरी करून पाहिल्या. पाव किलो भाजलेल्या बिया वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये टाकून ढवळल्या आणि बटर पेपरवर पसरल्या. सगळ्यांची मिळून ढेप झाली. कशाबशा सुट्या करून फ्रिजमध्ये ठेवल्या, तर चौथ्या दिवशी वर पांढरट छटा! बुरशी असेल का? शिवाय बी दाताला फार कडक लागते. काय चुकलं?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, बुरशी नाही. टाकून देऊ नका.

संक्रांतीला घरी हलवा करताना तुम्ही कोणाला तरी पाहिलं असेलच. परातीत खसखस नाहीतर तीळ, खाली मंद शेगडी, आणि पाक चमचा चमचा. एक पुट सुकल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही, बोटं सतत फिरती ठेवायची. कॉफीच्या बियांचं काम अगदी हेच आहे. कारखान्यातसुद्धा बिया तिरक्या फिरणाऱ्या गोल भांड्यात घोळवतात आणि चॉकलेट थोडं थोडं सोडतात. तुम्ही सगळं एकदम दिलंत, तिथे ढेप झाली.

मात्र पाक सुकतो उष्णतेने आणि चॉकलेट आळतं गारव्याने. सासूबाईंच्या हाताखाली चौदा वर्षं हलवा केलेली मी, पहिल्या वेळी सवयीने परात कोमट ठेवून बसले. चौथ्या पुटाला आधीची तिन्ही सुटली आणि परातीत नुसता चिखल झाला. कारखान्यातल्या त्या भांड्यात थंड हवा सोडतात, ती यासाठीच.

आता बिया. कडक लागतात याचा अर्थ भाजणी हलकी आहे. मध्यमाहून गडद भाजलेल्या घ्या. त्या ठिसूळ होतात आणि दाढेखाली कुरकुरीत मोडतात. दुकानातच एक चावून बघा, नंतर अर्धा किलो चॉकलेट वाया घालवण्यापेक्षा ते बरं. मिळाली तर पीबेरी मागा. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया समोरासमोर वाढतात, म्हणून प्रत्येकीची एक बाजू सपाट असते. पीबेरीत एकच बी असते, ती गोल होते. सपाट बाजू एकमेकींना चिकटून बसतात. गोल बी परातीत आपोआप घरंगळते. माझा निम्मा त्रास पीबेरीने वाचवला.

चॉकलेटच्या पाकिटावर घटक वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर खरं चॉकलेट, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर कंपाउंड. बोहरी आळीत केकच्या सामानाच्या दुकानांत दोन्ही मिळतात. कंपाउंड सोपं, वितळवा आणि वापरा, पण ते टाळूला मेणासारखं चिकटतं आणि कॉफीचा कडवटपणा त्यात बुजून जातो. एवढा वेळ घालवायचा तर खरंच चॉकलेट वापरा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

त्याला टेंपर मात्र करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून, मग हलवत निववून घ्यावं लागतं, आणि तुमची पांढरी छटा बहुधा इथलीच. १०० ग्रॅम बियांना २५० ग्रॅम चॉकलेट पुरतं. त्यातलं दोन तृतीयांश गरम पाण्याच्या पातेल्यावर बाऊल ठेवून ४५ अंशांपर्यंत वितळवा. बाऊलचा तळ पाण्याला टेकू देऊ नका आणि वाफेचा थेंबही आत जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं गच्च दाणेदार होतं. खाली उतरवून उरलेलं बारीक चिरलेलं चॉकलेट घाला आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत हलवत राहा. थर्मामीटर नसेल तर एक टिपूस खालच्या ओठाखाली लावा. किंचित गार लागलं की झालं.

बिया मोठ्या परातीत घ्या. एक चमचा चॉकलेट सोडा, पंजा उघडा ठेवून हलक्या बोटांनी गोल गोल फिरवा. आधी सगळ्या ओल्या चमकतात आणि जोड्या जमवतात. त्या लगेच सोडवा, दोन पुटांनंतर सुटत नाहीत. मिनिट-दोन मिनिटांत चकाकी जाते, बोटांखालचा चिकटपणा संपतो आणि परातीत खडखड आवाज येऊ लागतो. हलव्याचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना तो लगेच कळेल. तो आला की पुढचा चमचा. मधूनमधून बाऊल पुन्हा कोमट करावा लागतो, पण ३२च्या वर नेऊ नका. अशी सगळी पुटं व्हायला मला तास-सव्वा तास लागतो. शेवटचं पुट जरा ओलसर असतानाच चमचाभर कोको पावडर भुरभुरा आणि चाळून घ्या. दुकानातली चकाकी डिंकाने आणि लाखेने येते, घरी तिची गरज नाही.

आणि हो, हा उद्योग डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर, खिडकी उघडी ठेवून करा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. पुण्याच्या एप्रिलच्या दुपारी एसीशिवाय परातीला हात लावू नका.

तुमच्या डब्यातल्या छटेवर बोट फिरवा. तेलकट लागून पुसली गेली तर कोको बटर वर आलं आहे. खरखरीत लागली तर फ्रिजमधल्या दमटपणाने साखर विरघळून पुन्हा वर सुकली आहे. दोन्ही प्रकारच्या बिया बिनधास्त खा.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा आहे. त्याला चार-पाच दिल्या तर चालतील?
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर : माझ्या घरात मी लहान मुलांना देत नाही. काजू-बदामांना असंच चॉकलेट लावून द्या, तो खूश होईल. कॉफी पिताना चोथा गाळला जातो, इथे पूर्ण बी पोटात जाते. मी काट्यावर मोजलं, १० ग्रॅममध्ये पाऊणशे बिया भरल्या, म्हणजे एका कडक कपाची कॉफी. गप्पा मारता मारता मूठभर कधी संपते ते मोठ्यांनाही कळत नाही. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टा असेल तर कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. मी स्वतः जेवणानंतर आठ-दहा खाते, संध्याकाळनंतर एकही नाही. घरात कुत्रा असेल तर डबा उंच फळीवर ठेवा. त्याला चॉकलेट आणि कॉफी, दोन्ही विषच.

प्रश्न : उन्हाळ्यात टिकवायच्या कशा?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : घट्ट झाकणाच्या डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, मग फ्रिजमध्ये. चॉकलेट वास फार लवकर ओढून घेतं. शेजारी लसणाची चटणी असेल तर बियांना तिचा वास येतो. बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर दव धरतं. महिन्याभरात संपवा, त्यानंतर कॉफीचा सुवास उतरतो.