उकळी आल्यावर गॅस मोठाच ठेवला तर डाळ लवकर शिजते का?

नाही. उघड्या पातेल्यात पाण्याला उकळी फुटली की त्याचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतं, मग ज्योत कितीही वाढवा. (महाबळेश्वरसारख्या उंचीवर ते 95-96 अंशांवरच थांबतं, म्हणून तिथे डाळ जास्त वेळ घेते.) डाळीला हवं तापमान आणि वेळ, खळखळ वाढली म्हणून ती लवकर मऊ होत नाही. वरची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. शाळेत शिकलेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा तो हाच.

आणि हा खर्च मोठा आहे. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण 314 किलोज्यूल लागतात. तेच पाणी पूर्ण आटवायला 2257, म्हणजे सातपट. शेगडीची 65 टक्के उष्णता भांड्याला मिळते असं धरलं, तर लिटरभर पाणी उडवण्यात सुमारे 75 ग्रॅम गॅस जातो. शिवाय पाणी आटून तळाशी डाळ कोरडी पडली, की तिथलं तापमान 100 च्या पुष्कळ वर जातं आणि डाळ करपते.

म्हणून उकळी येईपर्यंत आच मोठी, नंतर पाणी जेमतेम उकळत राहील इतकी बारीक. वर ताट झाकून त्यात पाणी ठेवायची आपली पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. वाफ ताटाच्या तळाला लागून पुन्हा पाणी होते आणि खाली ठिबकते. तिची उष्णता ताटातल्या पाण्यात जाते. डाळ आळली की तेच गरम पाणी ओतायचं. उकळत्या लिटरभर पाण्यात पाव लिटर गार पाणी घातलंत, तर तापमान 85 अंशांवर येतं आणि शिजणं मंदावतं.

वेळ खरोखर वाचवायचा असेल तर कुकर लावा. दाब वाढल्याने आत पाणी सुमारे 120 अंशांना उकळतं. पण तिथेही पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजा. शिट्ट्यांमागून शिट्ट्या काढल्याने तापमान वाढत नाही, पाणी मात्र कमी होतं.

ताट उचलताना आपल्यापासून लांबची कड आधी उचला. एक ग्रॅम वाफ हातावर लागून पाणी झाली, की ती तेवढ्याच उकळत्या पाण्याच्या जवळजवळ दहापट उष्णता कातडीला देते.