तिघे निघतात, एक पोहोचतो

ट्रॅक सायकलिंगमधल्या पुरुषांच्या सांघिक स्प्रिंटबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न. उत्तरं देणारे स्तंभलेखक स्प्रिंटर्सचे माजी प्रशिक्षक आहेत.

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पाहिली. तिघं निघाले, एक मधेच बाजूला झाला, मग दुसरा, आणि शेवटी एकटाच रेषेवर पोचला. काही कळायच्या आत सगळं आटोपलं. नेमकं झालं काय?

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते बरोबरच पाहिलंत. ट्रॅक २५० मीटरचा, फेऱ्या तीन, एकूण अंतर ७५० मीटर. पहिली फेरी पहिला ओढतो आणि बाजूला होतो, दुसरी दुसरा ओढतो, तिसरी तिसरा एकट्याने काढतो. तिसऱ्याचं चाक रेषेवर आलं की संघाची वेळ लागली. दुसरा संघ त्याच क्षणी ट्रॅकच्या पलीकडच्या सरळ भागावरून निघालेला असतो, त्यामुळे दोन्ही संघांची गाठ पडत नाही.

मग एकालाच का नाही पळवत? कारण हवा. ताशी सत्तर किलोमीटरला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की त्यातली बरीच वाचते. तिसऱ्याने दोन फेऱ्या अशा आडोशात काढलेल्या असतात, म्हणून शेवटची फेरी तो बारा सेकंदांच्या आसपास काढतो, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरच्या वेगाने. पहिली फेरी मात्र उभ्या जागेवरून सुरू होते, तिला सतराच्या आसपास लागतात. पॅरिसच्या अंतिम राउंडमध्ये नेदरलँड्सच्या रॉय व्हॅन डेन बर्ग, हॅरी लाव्हरेसन आणि जेफ्री होगलँड यांनी ४०.९४९ सेकंद वेळ दिली. एक्केचाळीसच्या आत आलेला हा पहिलाच संघ. शून्यातून सुरुवात धरूनही त्यांचा सरासरी वेग ताशी ६६ किलोमीटरच्या घरात जातो.

प्रश्न : पहिला खेळाडू एकच फेरी मारतो, तरी त्याला बाकीच्यांसारखंच सुवर्णपदक. हे जरा जास्तच होत नाही का?

उत्तर : हा प्रश्न प्रत्येक ऑलिंपिकनंतर कुणीतरी विचारतंच, आणि दर वेळी माझं डोकं थोडं तापतं. पात्रता, पहिला राउंड आणि अंतिम राउंड धरून पहिल्या खेळाडूची अख्खी स्पर्धा पाऊण किलोमीटरची होते, हे खरं आहे. पण माझ्या मते ही शर्यत तोच जिंकून देतो किंवा तोच घालवतो, आणि त्याचं नाव सगळ्यात आधी विसरलं जातं.

सुरुवातीच्या रेषेपाशी मी पुष्कळदा उभा राहिलोय, दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेळाडूची सीट धरून. त्या दोघांना माणसं धरतात. धरायचं फक्त, ढकलायचं नाही. पहिल्याचं मागचं चाक मात्र यंत्राच्या पकडीत असतं. घड्याळ उलटं मोजत येतं. त्याचा आवडता पाय पुढे, पेडल आडव्याच्या किंचित वर. शेवटच्या सेकंदांचे बीप सुरू झाले की तो सीटवरून उठतो, सगळं अंग मागे घेतो आणि शेवटच्या बीपच्या जरा आधी पुढे झोकून देतो, पकड सुटेल त्या क्षणी त्याचं वजन पुढे जात असावं म्हणून. थोडा आधी गेला तर बंद पकडीवरच आपटतो आणि झोक वाया जातो. उशिरा गेला तर गेलेला दशांश पुढे कुणीच भरून काढत नाही. त्यात सायकलला एकच गिअर. तिसऱ्यापेक्षा पहिल्याचा गिअर हलका ठेवतात, तरी पहिली दोन पेडलं म्हणजे मालाने भरलेली हातगाडी जागची हलवणं. हँडल इतक्या जोराने ओढलं जातं की पुढचं चाक डुगडुगताना दिसतं.

आता यातली खरी गोम. पहिला नुसता वेगात सुटून भागत नाही. तो इतका जोरात सुटला की दुसऱ्याला त्याचं चाक सापडलंच नाही, तर दुसरा पहिल्याच फेरीत एकटा हवा कापत बसतो आणि त्याची भरपाई तिसऱ्याच्या पायांतून होते. म्हणून दुसरा मुद्दाम थोडी फट सोडून निघतो आणि फेरी संपता संपता ती भरून काढतो. त्या मिळालेल्या झोकावरच तो पुढे सुटतो. ही फट सराव करून करून बसते. सरावाला मी पहिल्याची वेळ घ्यायचो तेव्हा दुसऱ्याचं पुढचं चाक कुठे आहे यावर माझा दुसरा डोळा असायचा. फट जमली नाही तर काय होतं ते टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम राउंडमध्ये दिसलं. नेदरलँड्सची वेळ ४१.३६९, ब्रिटनची ४४.५८९. या शर्यतीत तीन सेकंदांचा फरक पडतो तो तिघांची एकामागची रांग तुटल्यावरच.

आणि एकच फेरी मारणाऱ्याचं पदक खुपत असेल तर हेही ऐका. टोकियोतच नेदरलँड्सच्या मथाइस ब्युखलीला अंतिम राउंड न खेळता सुवर्ण मिळालं. संघात चौथा खेळाडू ठेवता येतो, एखाद्या राउंडला त्याला उतरवून दुसऱ्याचे पाय वाचवता येतात, आणि त्याचाही वाटा धरला जातो. योग्यच आहे ते.

प्रश्न : या सायकलींना ब्रेक नसतात असं वाचलं. मग थांबतात कशा?

उत्तर : मागचं चाक आणि पेडल कायमचं जोडलेलं असतं, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. पायांनी उलटा जोर देत आणि ट्रॅकच्या चढावर वर जात वेग मारतात. शर्यत संपल्यावर दोन-तीन फेऱ्या सहज जातात. ब्रेक नाहीत म्हणूनच शेजारचा अचानक थांबेल ही भीती नसते, तेव्हा ते नसण्यातच सुरक्षितता आहे.

प्रश्न : लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा खेळाडू मुद्दाम पडला होता म्हणे. मग ते सुवर्ण खरं कसं मानायचं?

उत्तर : हा फिलिप हाइंड्स, संघाचा पहिला खेळाडू. २०१२ च्या पात्रता राउंडमध्ये त्याची सुरुवात बिघडली आणि पहिल्याच वळणाच्या आसपास तो पडला. नियमानुसार शर्यत थांबवून पुन्हा सोडण्यात आली. सुवर्ण जिंकल्यावर तो सांगून बसला की, सुरुवात वाईट झाली म्हणून पुन्हा संधी मिळावी यासाठी आपण पडलो. नंतर पत्रकारांसमोर त्याने ते फिरवलं आणि तोल गेल्याचं सांगितलं. तो जर्मनीत वाढलेला, तेव्हा भाषेचा घोळ झाला असं संघाने म्हटलं. आंतरराष्ट्रीय संघटनेने निकाल कायम ठेवला.

माझं मत विचाराल तर त्याने नियम मोडला नाही, नियमातली पळवाट वापरली. पळवाट राहिली हा नियम लिहिणाऱ्यांचा दोष. अंतिम राउंडमध्ये हरलेले फ्रेंच लोक चिडले, आणि त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. पण अंतिम राउंडमध्ये कुणी पडलं नाही. हाइंड्स, जेसन केनी आणि क्रिस हॉय यांनी तिथे ४२.६०० चा जागतिक विक्रम केला. तो विक्रम पडून होत नाही.

प्रश्न : आजवरचा सर्वोत्तम संघ कोणता? आमच्यात यावरून वाद चाललाय.

उत्तर : चालू द्या, मिटवायची घाई नको. माझा कौल फ्रान्सला, तोही एका माणसामुळे.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हा प्रकार १९९५ मध्ये आला. पहिलं विजेतेपद जर्मनीचं, दुसरं ऑस्ट्रेलियाचं. मग १९९७ पासून २००१ पर्यंत सलग पाच वर्षं फ्रान्स, आणि मध्ये २००० चं सिडनीतलं ऑलिंपिक सुवर्णही त्यांचंच. पुढे २००६ ते २००९ पुन्हा सलग चार. या सगळ्याच्या मध्यभागी आर्नो तुर्नां. सांघिक स्प्रिंटची एकूण नऊ जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. सोबती बदलत गेले, फ्लोरियन रुसो, लॉराँ गाने, नंतर ग्रेगरी बोजे आणि केविन सिरो, पण तो होताच.

ब्रिटनचं गणित वेगळं आणि, खरं सांगायचं तर, थोडं चीड आणणारं. २००८, २०१२, २०१६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं. पण २००५ मध्ये जागतिक विजेतेपद मिळाल्यावर त्या सबंध काळात एकही नाही! २००८ च्या मार्चमध्ये मँचेस्टरला, म्हणजे घरच्याच ट्रॅकवर, जागतिक स्पर्धेत ते फ्रान्सकडून हरले. ऑगस्टमध्ये बीजिंगला त्याच फ्रान्सला त्यांनी ४३.१२८ विरुद्ध ४३.६५१ असं हरवलं. मधल्या पाच महिन्यांत त्यांना काही साक्षात्कार झाला नव्हता. चार वर्षांचं सगळं नियोजन त्या एका संध्याकाळसाठी असायचं, बाकीच्या स्पर्धा म्हणजे सराव. बीजिंगला त्यांचा पहिला खेळाडू होता जेमी स्टाफ, मूळचा बीएमएक्सचा (छोट्या सायकलींवरची, उंचवट्यांच्या ट्रॅकवरची शर्यत) जगज्जेता, वय ३५. दुसरा केनी, वीस वर्षांचा. तिसरा हॉय, जो सिडनीत फ्रान्सकडून हरलेल्या संघात होता. समोर तुर्नां, त्याचं ते शेवटचं ऑलिंपिक.

न्यूझीलंडला लोक विसरतात. एथन मिचेल, सॅम वेबस्टर आणि एडी डॉकिन्स हे त्रिकूट २०१४, २०१६ आणि २०१७ मध्ये जगज्जेतं होतं आणि रिओत ऑलिंपिक सुवर्ण जेमतेम दशांश सेकंदाने हुकलं. ब्रिटनची वेळ ४२.४४०, त्यांची ४२.५४२.

आत्ताचा नेदरलँड्सचा संघ निव्वळ वेळेच्या हिशोबाने सगळ्यांच्या पुढे आहे. २०१८ ते २०२१ सलग चार जागतिक विजेतेपदं, टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं. लाव्हरेसनही बीएमएक्सचाच, खांदा वारंवार दुखावल्यामुळे ट्रॅककडे वळला आणि पॅरिसमध्ये सांघिक स्प्रिंट, वैयक्तिक स्प्रिंट, केइरिन (मोटरसायकलमागून वेग घेऊन सुटणारी शर्यत) अशी तिन्ही सुवर्णं घेऊन गेला. पण सायकली, हेल्मेट, कपडे, गिअर सगळंच बदललंय. नुसत्या वेळा मांडून तुर्नांला मागे टाकणं मला पटत नाही.

प्रश्न : खेळाडू बाजूला होण्यावरून संघ बाद होतात ते कसं?

उत्तर : पुढच्याने आपली फेरी ओढल्यावर रेषेपाशी ठरवून दिलेल्या छोट्या पट्ट्यातच बाजूला व्हायचं. आधी झालं की मागच्याला जास्त अंतर ओढावं लागतं पण झोक मिळतो, म्हणून घाई होते. या वेगाने तो पट्टा बघता बघता सरतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण महिलांचं: २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चीनच्या जोडीने अंतिम राउंड जिंकला, आनंद साजरा केला आणि मग कळलं की अदलाबदल चुकली. सुवर्ण जर्मनीला. तेव्हा महिलांमध्ये दोघी आणि दोन फेऱ्या असत, आता तिघी असतात.

प्रश्न : भारताचं या प्रकारात काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ते पुरेसं सांगितलं गेलं नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट (ओडर) इथे झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण भारताने जिंकलं. एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग, रोजित सिंग. एसोने आदल्याच वर्षी केइरिनमध्ये कनिष्ठ गटाचं जागतिक रौप्य मिळवलं होतं. कनिष्ठ गटातून वरिष्ठ गटात गेल्यावर पहिल्या फेरीतला फरक सगळ्यात जास्त टोचतो. ती स्नायूंची ताकद अठराव्या वर्षी नसते, ती पुढची कित्येक वर्षं जिममध्ये वजनं उचलून येते. तोवर खेळाडूंना टिकवून धरणं हेच संघटनांचं काम.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा ट्रॅकवर सराव करतो. त्याला "तिसराच" व्हायचंय, कारण रेषा तोच ओलांडतो. प्रशिक्षक म्हणतात पहिला हो. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : घड्याळाचं. तिसऱ्याची जागा मिरवायची वाटते, पण ती बहुधा एक किलोमीटर टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, काढणाऱ्यांची जागा आहे, आणि त्या शर्यतीनंतर माणसं सायकलवरून उतरून जमिनीवर आडवी होतात. तुर्नांने २००१ मध्ये बोलिव्हियातल्या ला पाझला, तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर, किलोमीटर ५८.८७५ सेकंदांत काढला. मिनिटाच्या आत आलेला तो पहिला. हॉय २००७ मध्ये तो विक्रम मोडायला त्याच ट्रॅकवर गेला आणि ५८.८८० वर थांबला, पाच सहस्रांश सेकंदाने हुकला. होगलँडने २०२३ मध्ये मेक्सिकोत तीच शर्यत ५५.४३३ मध्ये काढली. हे तिघेही आपापल्या संघात तिसऱ्या जागेवर खेळले आहेत.

तेव्हा मुलाला उभ्या जागेवरून एकट्याने तीन फेऱ्या मारायला लावा, पूर्ण जोर लावून, आणि प्रत्येक फेरीची वेळ वेगळी लिहा. एका दिवसाच्या आकड्यांवर जाऊ नका, दर आठवड्याला एकदा असं महिना-दोन महिने करा. तिसऱ्या फेरीची वेळ दुसरीच्या जवळपास टिकत असेल तर पोराचं ऐका. ती घसरत असेल आणि पहिली फेरी सोबतच्या मुलांपेक्षा वेगवान येत असेल, तर प्रशिक्षक बरोबर आहेत, आणि पोराला बीजिंगच्या अंतिम राउंडची चित्रफीत दाखवा, फक्त स्टाफची फेरी.